निवृत्तीची तारीख ठरवण्याआधी

महोदय,

वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात खासगी नोकरी करणारे पंचावन्नच्या आसपास 'कधी सोडू?' असं विचारू लागतात. आधी पीएफच्या नोंदी उघडा. कर्मचारी पेन्शन योजनेत किमान 10 वर्षं सेवा लागते. पूर्ण पेन्शन 58व्या वर्षी. 50 नंतर आधी घेतली तर प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात, तीही कायमची.

हिशोबात बहुतेकजण एकाच जागी चुकतात. पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या महिन्याच्या पगाराची मर्यादा 1 सप्टेंबर 2014 आधीच्या सेवेला 6,500 रुपये, नंतरच्या सेवेला 15,000. दोन्ही भागांचा हिशोब वेगळा: पगार गुणिले वर्षं, भागिले 70. आधीची 14 आणि नंतरची 11 वर्षं असतील तर 1,300 अधिक 2,357, म्हणजे महिना सुमारे 3,657 रुपये. 20 वर्षांवर सेवा असल्याने 2 बोनस वर्षांची थोडी भर. सोसायटीचा मेंटेनन्स आणि वीजबिल यात जेमतेम निघेल!

ग्रॅच्युइटीत सहा महिन्यांहून जास्त झालेलं वर्ष पूर्ण धरतात, त्यामुळे 24 वर्षं 5 महिन्यांवर राजीनामा देणं वेडेपणाच. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नसेल किंवा आधारवरची जन्मतारीख जुळत नसेल तर पेन्शनसाठीचा 10-डी अर्ज अडकतो. बंद पडलेल्या कारखान्यांच्या बाबतीत तर फारच. ही दुरुस्ती नोकरीत असतानाच उरका.

आणि कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःच्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागतं, म्हणून ती पंचावन्नलाच घ्यावी.

– एक वाचक, ऐरोली