कार्बोरेटरआधी चोकची तार पाहा

महोदय,

आमच्या भागात कृषिपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की डिसेंबरच्या थंडीत पहाटे चारला गव्हाला पाणी द्यायला निघायचं. माझी दुचाकी २००९ची. चोक ओढल्याशिवाय तेव्हा ती हूं की चूं करत नाही.

यंदा दिवाळीनंतर चोकची तार तुटली, ती तालुक्याला बदलून घेतली. तिथून गाडी पेट्रोल प्यायला लागली. साठचं एव्हरेज चाळिसावर आलं, सायलेन्सरातून काळा धूर, प्लग काढला तर तव्याचं बूड. मिस्त्री म्हणाला, "कार्बोरेटर गेला भाऊ, नवा टाका लागते." हवा-पेट्रोल मिसळणारा तो भाग बदलायचा खर्च दोन हजार. कापसाचे पैसे हाती यायचे होते, म्हणून थांबलो.

थांबलो ते बरंच झालं. माझ्या मामेसासऱ्यांची उमर लुना आणि राजदूत खोलण्यात गेली. ते म्हणाले, "जवाईबापू, आधी तार पाहा, मंग बाकीचं."

माझ्या गाडीत चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची एक चकती. खटका ओढला की ती हवेची वाट अडवते, म्हणून मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढतो. गार इंजिनाला तेवढंच हवं असतं. (काही गाड्यांत चकतीऐवजी छोटा प्लंजर, म्हणजे सरकता दट्ट्या, असतो, तारेची गोष्ट तीच.) इंजिन तापल्यावर खटका परत लोटला की चकती पूर्ण उघडली पाहिजे. माझी तार इतकी ताणून बसवली होती की चकती अर्धी आडवीच राहायची. म्हणजे दिवसभर चोक ओढूनच फिरत होतो म्हणा ना.

मामांनी कार्बोरेटरजवळच्या क्लिपचा स्क्रू ढिला केला, केबलचं वरचं आवरण जरासं सरकवलं, स्क्रू आवळला. खटका बंद असताना तारेला दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवली. मग गाडी चालू करून हँडल पुरतं डावीकडे, पुरतं उजवीकडे फिरवलं. इंजिनाचा आवाज बदलला नाही, म्हणजे वळताना तार ताणत नाही. दहा मिनिटांचं काम. खर्च एक चहा, तोही मामीनेच पाजला.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं, चोक गेला. पण आमच्या गावात दुधाचे कॅन आणि खताच्या गोण्या अजून जुन्याच गाड्या वाहतात. आपल्या शेतीच्या पानावर ड्रोनची फवारणी येते, ती मी वाचतो. आठवड्यातून चार ओळी या गाड्यांनाही द्याव्यात.

त्या मिस्त्रीला मी हे सांगून आलो. हसून म्हणाला, "एवढं कोण पाह्यते आता?"

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दिग्रस, जि. यवतमाळ