आधी तिचं औषध, मग बाळ

प्रिय बाळा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, आता मुलाचा विषयच नको." हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय की तू एकट्याने? कारण सूनबाईशी बोलले तेव्हा ती बाळाबद्दलच विचारत होती.

तिला हेपटायटिस सी, म्हणजे विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार आहे, म्हणून ती आई होऊ शकणार नाही, हे आधी डोक्यातून काढून टाक. एके काळी या आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची. सहा महिने, कधी वर्षभर घ्यायची, माणूस पार गळून जायचा आणि तरी कित्येकांना गुण येत नसे. आता सोफोस्बुविर-वेल्पाटासविरसारख्या गोळ्या आहेत. बहुतेकांना १२ आठवड्यांचा कोर्स पुरतो आणि शंभरातले ९५ हून जास्त पूर्ण बरे होतात. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए तपासणी करायची. तीत विषाणू सापडला नाही, की ती बरी झाली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आधी औषध, मग बाळ. गरोदरपणात या गोळ्या सहसा देत नाहीत, कारण पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो याचा पुरेसा अनुभव अजून गाठीशी नाही. विषाणू रक्तात असताना दिवस राहिले, तर शंभरातल्या पाच-सहा बाळांना तो आईकडून जातो. आधीच बरी झाली, तर ही भीतीच उरत नाही. कोर्स चालू असेपर्यंत मात्र दिवस राहू न देण्याची काळजी तुम्ही दोघांनी घ्यायची. गोळ्यांबरोबर रिबाविरिन नावाचं औषध दिलं, तर औषध संपल्यावरही कित्येक महिने थांबावं लागतं, कारण त्याने गर्भात व्यंग येऊ शकतं. ते देणार आहेत का, हे पहिल्याच भेटीत विचारून घे.

तिला वयाची धास्ती आहे. चौतिशीत सहा-सात महिने मोठे वाटतात, ते मला कळतं. पण ते वाया जायचे नाहीत. तिची फायब्रोस्कॅन तपासणी होऊ दे, यकृत कितपत कडक झालंय ते समजेल. हेपटायटिस बी आहे का, हे गोळ्या सुरू करण्याआधीच बघतात, नसेल तर त्याची लसही घेता येते. सी वर लस नाही. तूही एकदा रक्त तपासून घे.

आता जे मला खरं बोलायचंय ते. गेल्या वेळी तुम्ही आलात, तेव्हा जेवण झाल्यावर तिने आपलं ताट-वाटी वेगळी घासली आणि ओट्याच्या कडेला पालथी घातली. मी ती उचलून सगळ्यांच्या भांड्यांत ठेवली, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हा आजार ताटातून, मिठीतून, एका अंथरुणातून पसरत नाही. तो रक्तातून जातो. दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर वेगळं ठेवा, झालं. नवरा-बायकोच्या संबंधांतून तो क्वचितच होतो. पाळीत किंवा जखम असेल तर कंडोम वापरा. तू दुसऱ्या खोलीत झोपायला लागलास, हे ती मला बोलली नाही, पण मला दिसतं. आजच आपल्या जागी परत जा.

आणि हा आजार तिला कुठून आला, हे विचारत बसू नकोस. पूर्वी कधी चढवलेलं रक्त, नीट न उकळलेली सुई, काहीही असू शकतं. पुष्कळांना शेवटपर्यंत कळत नाही. उत्तर मिळालं तरी औषध तेच आहे.

आणखी एक, नातेवाइकांसाठी. बरी झाल्यावरही तिची अँटिबॉडी तपासणी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं शोधणारी, पॉझिटिव्हच येत राहील. बाळंतपणाच्या वेळी कोणी तो कागद बघून घाबरलं, तर "आरएनए बघा" असं तू पुढे होऊन सांगायचंस. तिला सांगावं लागता कामा नये.

यदाकदाचित आधीच दिवस राहिले, तरी घाबरू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. केवळ या आजारासाठी सिझेरियन करत नाहीत आणि स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत नसेल तर अंगावरचं दूधही पाजता येतं.

पुढच्या भेटीला दोघं जा. ती एकटी आत आणि तू बाहेर मोबाईलवर, असं नको. तारीख ठरली की कळव.

तुझी,
आई