केतकीस पत्र

पंचवटी, नाशिक

चि. केतकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू रागाने पुण्याची बस पकडलीस आणि तेव्हापासून "पोहोचले", "जेवले" एवढेच संदेश येत आहेत, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. ट्रेनिंग विभागात निवड झाल्याचे सांगताना तुझा चेहरा उजळला होता, पण लगेच तू म्हणालीस की ते काम नको, हिशेबाचेच मागून घेईन, कारण "मी तोतरीच आहे, विषय संपला." बाबा काही बोलले आणि तू ताटावरून उठलीस. कोणते काम घ्यायचे हे तूच ठरव, त्यावर मी काही लिहिणार नाही. मला काळजी एवढीच की तिथे तू कोणाशी बोलतेस की नाही.

मात्र तुझे ते एक वाक्य मला झोपू देत नाही. अडखळणे बहुधा वयाच्या दुसऱ्या ते पाचव्या वर्षांत सुरू होते, बहुतेक मुलांचे पुढे आपोआप थांबते आणि मोठ्या माणसांत शंभरात साधारण एकाचे उरते. त्याचा बुद्धीशी संबंध नाही आणि ते भित्रेपणातूनही येत नाही. सर्वांच्या सुरात आरती म्हणताना तुझा एक शब्द अडत नाही, आणि स्वतःचे नाव सांगताना मात्र अडतो. असे तुझ्यासारख्या अनेकांचे होते. गेल्या महिन्यात मिसळ खायला गेलो होतो, तेव्हा नंबर लावणाऱ्या मुलाने नाव विचारले आणि तू क्षणभर ओठ मिटून "अवनी" म्हणालीस. पुढे त्याने "अवनी, चार जण" असा पुकारा केला आणि तू मान खाली घालून उठलीस. आपले नाव सोडून मावसबहिणीचे सांगावे इतके ते जड व्हावे, याचे मला फार वाईट वाटले.

मायकल व्हाइट हे ऑस्ट्रेलियातले आणि डेव्हिड एप्स्टन हे न्यूझीलंडमधले. या दोघांनी १९८०च्या दशकात समुपदेशनाची जी पद्धत घडवली, तिच्याविषयी मी वाचले आहे. त्रासाला माणसापासून वेगळे काढायचे, त्याला एखादे नाव द्यायचे, आणि मग विचारायचे की त्याने तुझ्यावर केव्हा कुरघोडी केली आणि केव्हा तू त्याला जुमानले नाहीस. या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे माणसाला सहसा आठवत नाहीत, कारण आपण स्वतःविषयी जी कथा धरून बसतो तिच्यात त्या प्रसंगांना जागाच नसते. ती शोधून काढायची आणि त्यांची दुसरी कथा जुळवायची. त्यात खोटे काही नसते. निवड बदलते, एवढेच.

२०१९च्या ऑगस्टमधला पूर आठव. गंगेचे, म्हणजे आपल्या गोदावरीचे, पाणी चढत होते, काठावरचा दुतोंड्या मारुती बुडाला होता, आणि मामांनी भांडी बाजारातून माल हलवायला आपल्याला बोलावले होते. तू त्या दिवसाची आठवण सांगतेस ती एवढीच की शेजारच्या काकांना हाक मारताना "का" वरच थांबलीस आणि पोरे हसली. मी पाहिले ते असे: तू गुडघाभर पाण्यातून शटरामागून शटर ठोठावत गेलीस, प्रत्येक नावावर अडत होतीस, तरी नाव पूर्ण झाल्याशिवाय पुढचे दार गाठत नव्हतीस. त्या ओळीतला माल वर चढला तो तुझ्या सांगण्यामुळे. मामा अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगतात. तुझ्या कथेत ती पोरे आहेत आणि मामा नाहीत, हे मला पटत नाही.

समुद्रकाठी सगळे वानर आपापली उडी मोजत असताना मारुती एका बाजूला गप्प बसला होता. तेव्हा जांबवंताने त्याला त्याचीच जन्मकथा सांगितली, सूर्याकडे झेपावल्याची, आणि मग तो उठला. लहानपणी आजीकडून हीच गोष्ट तू पुन्हा पुन्हा मागायचीस आणि जांबवंताचे बोलणे तूच म्हणायचीस, आवाज जाड करून, न अडखळता. आजी मग मुद्दाम पुढचे विसरल्याचे दाखवी.

हे पुन्हा भाषण होऊ लागले, क्षमा कर. मी अडखळणे जाईल असे म्हणत नाही. कदाचित ते जन्मभर सोबत राहील, आणि नव्या माणसांसमोर तुझा शब्द अडला की इथे माझा जीव वरखाली होईल. पण एक करून पाहा. रात्री थोडा वेळ वहीत "केतकी" असे नाव घेऊन, जणू दुसऱ्याच मुलीविषयी लिहावे तसे, तिने न जुमानलेला एकेक प्रसंग लिही. ट्रेनिंगचा निर्णय त्यानंतर घे. मग हिशेबाचे काम घेतलेस तरी मला चालेल.

चटणीचा डबा इथेच राहिला, तो दादाबरोबर शनिवारी पाठवते. खोलीतल्या मुलींनाही दे. आणि दुपारी जेवायला कोणाबरोबर बसतेस, त्यांची नावे कळव.

तुझी,
आई