डेंटल लॅबवाल्या काकांना जाहीर पत्र

ती. काका,
सा. न. वि. वि.

नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. नारायण पेठेत जिना चढतानाच प्लास्टरचा वास येतो ती लॅब, एवढंच सांगते. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार. मला वाटाण्याच्या अक्षता लावणाऱ्यांनी त्या चारचौघांतच लावल्या होत्या.

माझ्या एक्स-241 विमानाच्या मॉडेलवर तुम्ही करून दिलेली कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, काल रात्री बसली. कडेला फट नाही, कुठे धूसरपणा नाही. टेबललॅम्प तिरका केला की आतली सीट आणि तिचे कागदी पट्टे स्वच्छ दिसतात. मी ते घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवलं, दूध घालायला आलेल्या दादांनासुद्धा.

हे पत्र इतरही वाचतील, त्यांच्यासाठी विमानाबद्दल थोडं सांगते. 1956 साली कुर्ट टँक हे जर्मन विमानरचनाकार बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले. दुसऱ्या महायुद्धातलं फॉके-वुल्फ 190 त्यांचंच. त्यांच्या देखरेखीखाली आपल्याकडे जेट लढाऊ विमानाचा आराखडा तयार होऊ लागला. तेच पुढचं एचएफ-24 मरुत. पण मरुत घडवण्याआधी त्या लोकांनी त्याच मापाचं, पूर्ण आकाराचं एक लाकडी ग्लायडर केलं, एक्स-241. पंख, सुकाणू, फ्लॅप, चाकं, सगळं होणाऱ्या विमानासारखं, फक्त इंजिन नाही. डाकोटा या मालवाहू विमानानं ओढत वर न्यायचं आणि सोडून द्यायचं. 3 एप्रिल 1959ला त्याच्या चाचण्या सुरू झाल्या आणि वर्षभरात 78 उड्डाणं झाली. 24 मार्च 1960ला उतरताना पुढचं चाक बाहेर आलं नाही आणि ग्लायडरचं मोठं नुकसान झालं. त्यानंतर सव्वा वर्षानं, 17 जून 1961ला, सुरंजन दास यांनी खरं मरुत उडवलं. पुढे 147 मरुतं झाली, 1971च्या युद्धात ती लढली. आपल्या कमला नेहरू पार्कातलं विमान पुण्यातल्या किती पिढ्यांनी पाहिलंय! ते मरुतच. पण त्याच्या आधी लाकडाचं एक होतं, हे कुणाच्या गावीही नाही.

मला असली विमानं आवडतात. ज्यांनी काम चोख केलं आणि मग ज्यांचा फोटोही धड सापडत नाही, अशी. त्यांचे किट मला कधी दुकानात मिळाले नाहीत, त्यामुळे सगळं मुळापासून करावं लागतं. एक्स-241 मी शिवणीच्या लाकडात कोरलं. मूळ विमान लाकडाचं, तर मॉडेलही लाकडाचंच हवं, हा माझा हट्ट. एकास बहात्तर मापात ते नाकापासून शेपटीपर्यंत 22 सेंटिमीटर भरतं आणि पंखांचा पसारा साडेबारा सेंटिमीटर. लाकूडकाम, घासणं, रंग, हे माझ्या हातातलं आहे. कॅनॉपी नाही. इतकी पातळ पारदर्शक वस्तू हातानं कोरता येत नाही, प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर ओढावी लागते.

आणि या विमानात कॅनॉपी म्हणजे नुसती काच नव्हे. डाकोटाची दोरी सुटली की मागून ढकलणारं काही नाही. उतरताना अंदाज चुकला तर पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करायची सोय नाही. जेटचे आखूड पंख लावलेल्या त्या लाकडी सांगाड्यात वैमानिक बसायचा आणि धावपट्टी गाठायचा. तो माणूस जिथे बसला ती जागाच दिसणार नसेल, तर बाकीचं मॉडेल करून मी काय मिळवलं?

आता मनातलं बोलते. तुमच्याकडे येण्याआधी मी बऱ्याच दारांत उभी राहिले. थ्रीडी प्रिंटिंगवाल्या एकांनी आगाऊ पैसे घेतले आणि दुधी रंगाचा, अंगभर रेघा असलेला तुकडा हातात ठेवला. असा काय हा, विचारलं तर म्हणाले, फोटोत कळणार नाही. इमारतींची मॉडेलं करणाऱ्या दुसऱ्यांनी माझ्यादेखत मदतनिसाला सांगितलं, बाईंच्या मुलाचा शाळेचा प्रोजेक्ट दिसतोय, बघ काय ते. मला मूलबाळ नाही, आणि असतं तरी हे माझंच काम असतं. सगळ्यांत जिव्हारी लागलं ते एका प्रदर्शनाच्या तयारीत. तिथल्या जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी अर्धवट मॉडेल उलटं करून पाहिलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की मरुतला इंजिनं असतात, तुम्ही ती लावायला विसरलात. मी एक्स-241बद्दल सांगू लागले, तोवर ते पुढच्या टेबलाकडे गेले होते. माहीत नसणं हा गुन्हा नाही, काका. पण ऐकून घ्यायलाही पैसे पडत नाहीत.

तुमचा पत्ता मिळाला तो भाचीच्या दातांमुळे. तारा काढल्यावर डॉक्टरांनी तिला दात जागेवर ठेवणारा पारदर्शक रिटेनर दिला. तो मी खिडकीशी धरला आणि बघतच राहिले. असंच तर मला हवं होतं! पातळ, स्वच्छ, दातांचं प्रत्येक वळण पकडणारं. हे कुठे करून घेता, असं डॉक्टरांना विचारलं, त्यांनी तुमच्या लॅबचं नाव सांगितलं.

तुम्ही तेव्हा कुणाची तरी कवळी घासत होतात. मी माझा लाकडी साचा पुढे केला, घाबरतच. तुम्ही हात पुसलेत, चष्मा कपाळावर चढवलात आणि साच्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलंत. मग म्हणालात, "ताई, लाकडाच्या रेषा उठतील. दगडात ओतून घेऊ." दगड म्हणजे तुमचं ते कडक प्लास्टर. बस्स. हे कशासाठी, याचा उपयोग काय, याला किती वेळ जातो, घरचे काही म्हणत नाहीत का, यातलं काहीही नाही. पहिला प्रश्न कामाचा आणि दुसराही कामाचाच: हे उघडतं कुठून, मागे सरकतं की वर उचलतं? त्यानंतर स्टूल ओढून म्हणालात, "बसा, आणि हे विमान काय आहे ते सांगा." तुमचा चहा निवून गेला. डाकोटानं ओढत न्यायचे हे ऐकल्यावर तुम्ही हातातलं काम खाली ठेवलंत.

पुढचं सगळं तुम्ही केलंत, ते इथे लिहीत बसत नाही. पहिली शीट तुम्हाला पसंत पडली नाही, एका कोपऱ्यात बारीक बुडबुडा होता. मला तो दाखवूनसुद्धा दिसेना. तुम्ही ती बाजूला टाकलीत आणि दुसरी काढलीत.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते वेगळंच आहे. काम न्यायला आले तेव्हा तुम्ही शेल्फवरून डबी काढून दिलीत. डॉक्टरांकडे दात पाठवता तीच निळ्या झाकणाची डबी. आत कापूस, कापसावर कॅनॉपी, आणि झाकणावर तुमच्या लॅबची नेहमीची छापील चिठ्ठी. डॉक्टरांच्या रकान्यात माझं नाव. पेशंटच्या रकान्यात "एक्स-241". शेडच्या, म्हणजे दाताच्या रंगाच्या, रकान्यात "पारदर्शक". तारीख, सही, सगळं रीतसर. देताना तुम्ही हसला नाहीत, गंमत केली असं दाखवलं नाहीत. शेल्फवर दोन्ही बाजूंना लोकांच्या दातांच्या डब्या होत्या आणि त्यांच्या रांगेत, त्यांच्याच मानानं, माझं ग्लायडर होतं.

जिन्यातून खाली येताना मला रडू आलं. इतकी वर्षं हे काम मी करते आहे, पण ते काम म्हणून कुणाच्या वहीत चढल्याचं मला आठवत नाही. छंद म्हणतात, वेड म्हणतात, प्रेमानं बोलणारे कौतुक म्हणतात. तुम्ही त्याला नंबर देऊन रांगेत लावलंत. बिलही दिलंत, रिटेनरला लावता तोच दर. फुकट नको, असं मी म्हणण्याआधीच पावती फाडून झाली होती. उपकार केल्यासारखं काम करणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्यापुढे दहा वेळा मान लववावी लागते. तुम्ही मला गिऱ्हाईक मानलंत, आणि त्यातच माझा मान राखलात.

पेठांमधून अशी माणसं अजून बसलेली आहेत, याचा मला फार आधार वाटतो. बोहरी आळीत एक स्क्रू मागितला तर माप विचारून तीन डबे उघडून दाखवणारे, घड्याळ उघडून "याला काही झालेलं नाही, सेल बदला" असं सांगून पाच रुपयेही न घेणारे. त्यांच्या दुकानांना मोठ्या पाट्या नसतात. समोर आलेली वस्तू नीट हातात घ्यायची, मग बोलायचं, ही त्यांची रीत. त्या प्रिंटिंगवाल्यांकडे यंत्रं तुमच्यापेक्षा नवी होती, काका. बुडबुडा बघणारा डोळा नव्हता.

डबी मी रिकामी ठेवलेली नाही. बाजूला टाकलेली ती पहिली शीट मी तुमच्याकडून मागून आणली होती, ती त्यात आहे. तिच्यावर सराव करून मगच खऱ्या कॅनॉपीला कात्री लावली.

एक पुढचं काम आहे. साठच्या दशकात इजिप्त स्वतःचं जेट इंजिन बनवत होतं, ई-300 नावाचं. त्याच्या चाचणीसाठी एक मरुत तिकडे गेलं. त्यात एका बाजूला नेहमीचं ऑर्फियस इंजिन ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला इजिप्तचं बसवलं. 1967 साली ते तिथे उडालं. आता ते करायला घेतलंय. साचा तयार होत आला आहे. या वेळी कड तुम्ही सांगितलीत तशी खाली वाढवून ठेवली आहे, म्हणजे शीट ओढताना दुमडणार नाही. गणपतीच्या आधी तुमच्याकडे गर्दी असते असं म्हणाला होतात, म्हणून नंतरच येईन. चिठ्ठीवर पेशंटचं नाव "मरुत 1बीएक्स" असं घाला.

आपली,
एक्स-241वाली