संदेश पोहोचला नाही, क्रेडिट मात्र कापले: तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, बिलिंग व ग्राहक सेवा विभाग

विषय: न पोहोचलेल्या मराठी एसएमएसचे २४,००० क्रेडिट परत करणे, ऑपरेटरचे एरर कोड देणे आणि मजकूर परस्पर बदलणारा पॅनेलमधला दोष दूर करणे

आजच्या फोननंतर तुमच्या ग्राहक सेवेशी बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून हे पत्र थेट व्यवस्थापनाला लिहिते आहे. डीएलटी (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची यंत्रणा) काय असतं, टेम्प्लेट (तिथे आधी मंजूर करून घेतलेला मजकूर) कसं जुळवलं जातं, हे तुम्हाला ठाऊक असणारच. तुम्ही नोंदणीकृत टेलिमार्केटर आहात, हा तुमचा रोजचा धंदा आहे. त्यामुळे सरळ मुद्द्यावर येते.

आमची नाशिकमधली लहान मार्केटिंग एजन्सी आहे. सराफ बाजारातल्या एका पेढीसाठी गुरुपुष्यामृताच्या दिवशी सकाळी ८,००० जुन्या ग्राहकांना मराठीत एसएमएस पाठवायचा होता. हेडर (पाठवणाऱ्याची ओळख) पेढीच्या नावावर नोंदवलेला, टेम्प्लेट मंजूर, पेढी आणि तुमच्यातली साखळी, म्हणजे तुमच्यामार्फत संदेश पाठवण्याची नोंद, डीएलटीवर जोडलेली. लिंक नव्हती, त्यामुळे व्हाइटलिस्टिंगचा, म्हणजे लिंक आधी मंजूर करून घेण्याचा, प्रश्न नव्हता. व्हेरिएबलही (ग्राहकागणिक बदलणारा शब्द) नव्हतं, म्हणजे सगळ्यांना अक्षरशः एकच मजकूर जाणार होता. त्याची लांबी १३३ कॅरेक्टर. देवनागरी संदेश युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाच्या ठरलेल्या कोडमध्ये, जातो. एका भागात ७० कॅरेक्टर बसतात आणि संदेश लांबला की प्रत्येक भागात ६७. दोन भागांची मर्यादा १३४. आम्ही एक कॅरेक्टर हातात राखून मजकूर बसवला होता, कारण तिसरा भाग सुरू झाला की खर्च दीडपट होतो. मराठीत एसएमएस करणारी कुठलीही एजन्सी हा हिशोब आधी करते.

आदल्या संध्याकाळी तुमच्याच पॅनेलमधून हाच मजकूर टेस्ट म्हणून पाठवला. एका भागाला एक क्रेडिट, म्हणून दोन भाग, दोन क्रेडिट, सगळ्या कंपन्यांच्या सिमवर पोहोचला. रात्रीतून तुम्ही पॅनेलमधली संदेश लिहायची खिडकी बदललीत. ना मेल, ना पॅनेलवर सूचना. प्रमोशनल संदेश सकाळी १० ते रात्री ९ एवढ्याच वेळेत जातो, म्हणून १० वाजताचं शेड्यूल लावलं होतं. दहाला संदेश सुटले. पॅनेलवर ८,००० पुढे हिरव्या अक्षरात ‘सेंट’, आणि २४,००० क्रेडिट वजा. पेढीच्या मालकांचा स्वतःचा नंबर यादीत होता, आमच्या ऑफिसातलेही होते. एकाही फोनवर संदेश आला नाही.

आता कारण ऐका. तुमच्या टेक्निकल टीमने शोधायला हवं होतं ते आम्ही शोधलं आहे. मजकुरात ‘खरेदी करणाऱ्या’ आणि ‘येणाऱ्या’ असे दोन शब्द आहेत. यातलं ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं. एक, पायाखाली टिंब असलेला ऱ, म्हणजे कोड ०९३१, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र, म्हणजे ०९३०, मग हलन्त, मग न दिसणारा जोडक, म्हणजे २००डी, आणि मग य. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. डीएलटीवर आमचं टेम्प्लेट पहिल्या प्रकाराने नोंदलेलं आहे. तुमची नवी खिडकी मजकूर पेस्ट करताच पहिला प्रकार बदलून दुसरा करते. पाठवलेल्या संदेशाच्या नोंदीतून मजकूर उचलून एकेक कोड तपासला, तेव्हा हे दिसलं. स्क्रीनशॉट सोबत आहेत.

यातून दोन गोष्टी झाल्या. ऑपरेटरच्या बाजूला मजकूर नोंदलेल्या टेम्प्लेटशी जुळवून पाहिला जातो. २०२१ पासून हे सुरू आहे. जुळला नाही तर संदेश तिथेच अडतो. आणि दुसरी गोष्ट, पहिल्या प्रकारात तीन कॅरेक्टर लागतात, दुसऱ्यात चार. दोन शब्दांत दोन कॅरेक्टर वाढले. १३३ चे १३५ झाले आणि दोन भागांचा संदेश तीन भागांचा झाला. म्हणजे ज्या बदलामुळे संदेश अडला, त्याच बदलापोटी तुम्ही १६,००० ऐवजी २४,००० क्रेडिट कापलेत. पडताळा म्हणून मूळ मजकूर एपीआयमधून, म्हणजे पॅनेलची खिडकी टाळून थेट, पाठवला, तोच हेडर, तोच टेम्प्लेट आयडी. दोन भागांत पोहोचला. तोच मजकूर पॅनेलमध्ये पेस्ट करून पाठवला, पोहोचला नाही. याहून सरळ पुरावा काय द्यायचा?

हे सगळं तिकिटात लिहून दिलं होतं. उत्तर आलं, ‘युवर मेसेज वॉज सक्सेसफुली सबमिटेड’, आणि तिकीट बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच वाक्य, पुन्हा बंद.

आजचा फोन मात्र जसा झाला तसा व्यवस्थापनाने वाचावाच. कॉल रेकॉर्ड होतो असं तुमची टेपच सांगते, तेव्हा ताडून पाहा. आधी बराच वेळ होल्ड, मग सुपरवायझर म्हणून एक गृहस्थ आले. म्हणाले, “मॅडम, पॅनेलवर सेंट दाखवतंय.” मी म्हटलं, सेंट म्हणजे तुमच्याकडून पुढे गेला, डिलिव्हर्ड किती ते सांगा. “आमच्या बाजूने सक्सेसफुल आहे.” मी ऑपरेटरचा एरर कोड मागितला. “तो कस्टमरला देत नाही.” मी ‘ऱ्या’चा मुद्दा समजावला. त्यांनी मध्येच तोडलं. “मराठीत फॉन्टचा प्रॉब्लेम येतोच. इंग्रजीत पाठवत जा, स्वस्तही पडेल.” मी सांगितलं, एसएमएसमध्ये फॉन्ट जातच नाही, नुसते कोड जातात, अक्षर फोन काढतो. आणि पेढीचे ग्राहक सिन्नर, निफाड, दिंडोरीचे आहेत, बऱ्याच जणांकडे साधे फोन आहेत, ते मराठी वाचतात. त्यावर हे गृहस्थ हसले, फोनवर स्पष्ट ऐकू येईल असं हसले, आणि म्हणाले, “मग क्लायंटला सांगा ना, नेटवर्क डाऊन होतं. सगळ्या एजन्सीज तेच सांगतात. त्यांना काय कळतंय?”

त्यांना काय कळतंय! ज्या पेढीत तिसऱ्या पिढीचे ग्राहक येतात, ज्यांनी काउंटरवर बसून एकेका ग्राहकाची संमती घेऊन नंबर लिहून घेतले, त्यांना काय कळतंय? गुरुपुष्याचा योग ठरावीक वेळेपुरता असतो. दुसऱ्या दिवशी पोहोचलेल्या त्या संदेशाला काडीची किंमत नसते. पेढीने त्या दिवसासाठी घडणावळीवर सूट ठेवली होती, काउंटरवर जास्तीची माणसं लावली होती. ब्रँड आणि त्याचे ग्राहक यांच्यामध्ये आम्ही उभे असतो, आणि आमच्याकडे विकायला विश्वासाखेरीज काही नाही. तुमचा सुपरवायझर मला माझ्याच क्लायंटशी खोटं बोलायला सांगतो, आणि तेही तुमच्या पॅनेलची चूक झाकायला. मी खोटं बोलले नाही. पेढीला काय घडलं ते लेखी कळवलं आहे, तुमच्या कंपनीच्या नावासकट.

एवढ्यावर थांबलं नाही. तपासासाठी म्हणून त्यांनी ८,००० नंबरांची एक्सेल फाइल स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागितली. ग्राहकांची नावं आणि नंबर पेढीच्या विश्वासाने आमच्याकडे आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ तुमच्या कंपनीत कुणी वाचला आहे का? कॅम्पेनचा आयडी तिकिटात आहे, सगळे नंबर तुमच्या सर्व्हरवर आहेत, मग माणसाच्या खासगी फोनवर यादी कशाला हवी? फाइल दिली नाही, देणारही नाही.

आणि तक्रार उघडी असतानाच तुमच्या सेल्सचा फोन आला, व्हॉट्सअ‍ॅपचं पॅकेज घ्या म्हणून. व्हॉट्सअ‍ॅप आम्ही वापरतो, त्याची जागा वेगळी आहे. तिथे जुलै २०२५ पासून मार्केटिंगच्या प्रत्येक टेम्प्लेट संदेशाचा वेगळा दर लागतो, आणि संदेश पोहोचला तरच पैसे लागतात. तुमच्या सेल्सच्या माणसाने हेच वैशिष्ट्य म्हणून सांगितलं. मग एसएमएसमध्ये अडलेल्या संदेशाचे पैसे कोणत्या तोंडाने घेता? ऑपरेटरचं सबमिशनचं शुल्क तुम्हाला लागत असेल, पण हा संदेश ज्या मजकुराने अडला तो मजकूर आम्ही दिलेलाच नाही. तो तुमच्या खिडकीने बनवला.

आमच्या मागण्या साध्या आहेत. २४,००० क्रेडिट पूर्ण परत करा. ‘गुडविल म्हणून ८,००० देतो’ हा मेल आला आहे, तो आम्हाला मान्य नाही. ८,००० हा फक्त वाढलेल्या तिसऱ्या भागाचा आकडा आहे, म्हणजे भाग वाढले हे तुम्ही स्वतःच कबूल केलं आहे. क्रेडिट द्यायचे नसतील तर रक्कम परत करून १८ टक्के जीएसटीसह क्रेडिट नोट काढा. सेवा सदोष निघाली तर क्रेडिट नोट काढता येते, सीजीएसटी कायद्याचं कलम ३४ तुमच्या अकाउंट्सला दाखवा. या कॅम्पेनचा ऑपरेटरकडून आलेला मूळ डिलिव्हरी रिपोर्ट द्या, प्रत्येक नंबरपुढे एरर कोडसह. पॅनेलवरचा हिरवा ‘सेंट’ आम्हाला नको, एरर कोड हवा. टेम्प्लेट जुळलं नाही, ग्राहकाने डीएनडी (जाहिरातीचे संदेश नकोत अशी नोंद) लावलं आहे, फोन बंद आहे, की इनबॉक्स भरला आहे, प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा असतो. कोड दडवून ठेवलात तर एजन्सीने यादी स्वच्छ करायची कशी?

आणि खिडकी दुरुस्त करा. मजकूर पेस्ट झाल्यावर एकही कोड बदलता कामा नये. पाठवण्याआधी निवडलेल्या टेम्प्लेटशी अक्षर न अक्षर जुळवून पाहा, न जुळल्यास तिथेच थांबवा, आणि भागांची संख्या बटण दाबण्याआधी ठळक दाखवा. अवघड काम नाही. ‘ऱ्या’ मराठीत पावलोपावली येतो, दुसऱ्या, साऱ्या, कोपऱ्यावर, शेतकऱ्यांना. दोष असाच राहिला तर मराठीत संदेश पाठवणाऱ्या तुमच्या प्रत्येक ग्राहकाचं असंच होणार. कित्येकांचं आत्ताही होत असेल, आणि त्यांना नेटवर्क डाऊन होतं असं सांगितलं जात असेल.

तुमची कंपनी आम्ही स्वस्त म्हणून निवडली नव्हती. देवनागरीचा डिलिव्हरी रिपोर्ट तुमच्याकडे नीट मिळायचा, म्हणून निवडली होती, आणि कॉलेज रोड-गंगापूर रोड भागातल्या दोन-तीन एजन्सींना तुमचं नाव मीच सुचवलं होतं. त्यांना हे पत्र आज पाठवते आहे. वाईट याचं वाटतं की चूक मान्य करून एक मेल आला असता, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

सात दिवसांत लेखी उत्तर, परतावा आणि एरर कोडसह रिपोर्ट मिळाला नाही, तर वकिलामार्फत नोटीस जाईल, आणि तुमची टेलिमार्केटर म्हणून नोंदणी ज्या ऑपरेटरकडे आहे त्याच्याकडे पुराव्यासह तक्रार जाईल. पेढीच्या डीएलटी खात्यावरची तुमची साखळी तोडण्याचा अर्ज तयार ठेवला आहे. उत्तर तिकिटावर देऊ नका, ते आपोआप बंद होतं. सहीचं पत्र स्कॅन करून आमच्या नोंदवलेल्या मेलवर पाठवा.

संचालिका,
मार्केटिंग एजन्सी, नाशिक

सोबत: टेस्ट आणि कॅम्पेनच्या नोंदींचे स्क्रीनशॉट, दोन्ही मजकुरांचे कोड, मंजूर टेम्प्लेटची प्रत, बंद केलेल्या तिकिटांची उत्तरं