केस पेपरवर नुसतं ‘कावीळ’ लिहून थांबू नका: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेली 22 वर्षं मी पुण्यात लॅब टेक्निशियन आहे. रक्ताच्या नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या आणि वर आलेलं सीरम काढून मशीनला लावायचं, हे माझं रोजचं काम. निरोगी माणसाचं सीरम फिकट असतं, वाळल्या गवताच्या रंगाचं. काविळीच्या रुग्णाचं हळदीच्या पाण्यासारखं दिसतं. बिलीरुबिनचा, म्हणजे काविळीत रक्तात वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा आकडा यायच्या आधीच नळीकडे बघून कळतं. पाऊस सुरू झाला की अशा नळ्या वाढतात. सोबतच्या कागदावर बहुतेक वेळा एवढंच असतं: कावीळ, एलएफटी (लिव्हरची तपासणी) करा. ती कावीळ कशाने झाली, दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई या विषाणूने की आणखी कशाने, हे पुढे कुणी विचारत नाही.

मीही विचारत नव्हते. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीला आठवा महिना होता. ती आणि जावई महापालिकेत नव्याने आलेल्या एका गावात भाड्याने राहतात. तिला वांत्या सुरू झाल्या, अन्नावरची वासना उडाली. सगळ्यांनी पित्त म्हणून सोडून दिलं. डोळे पिवळे दिसले तेव्हा सासूबाईंनी काविळीची माळ आणून गळ्यात घातली, शेजारच्यांनी उसाचा रस पाज म्हणून सांगितलं. त्यांचा काय दोष, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय. चौथ्या दिवशी ती असंबद्ध बोलायला लागली आणि तिला आयसीयूत हलवलं. बाळ पोटातच गेलं. भाची अकरा दिवसांनी घरी आली.

हिपॅटायटिस ई चा रिपोर्ट आला तो बाळ गेल्यानंतर दोन दिवसांनी. का उशीर झाला, ते माझ्याइतकं कुणाला कळणार? ही तपासणी बहुतेक ठिकाणी एलायझा या रक्ततपासणीच्या पद्धतीने होते. एका प्लेटमध्ये 96 खाचा असतात. दोन-चार नमुन्यांसाठी किट उघडणं परवडत नाही, म्हणून नमुने साठेपर्यंत थांबायचं. आम्ही त्याला बॅच लावणं म्हणतो. माझ्या भाचीचा नमुना बॅचमध्ये थांबला होता. असे कितीतरी नमुने मी स्वतः थांबवलेले आहेत.

डॉक्टर सांगतात की रिपोर्ट लवकर आला असता तरी उपचार तेच होते. ते खरं आहे. नेहमीच्या ‘ई’ काविळीवर खास औषध नाही. रुग्णाला सांभाळायचं आणि लिव्हरला सावरायला वेळ द्यायचा, एवढंच हातात असतं. बहुतेक माणसं काही आठवड्यांत बरीही होतात. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला हा आजार झाला, तर दर शंभरात वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात. म्हणून अशा बाईचे डोळे पिवळे दिसले की तिला कुठे ठेवायचं, कधी मोठ्या रुग्णालयात हलवायचं, हे त्याच दिवशी ठरायला हवं. ज्याचं लिव्हर आधीच खराब आहे त्यालाही मोठा धोका. ‘ई’चा संसर्ग झाला की त्याचं लिव्हर काही दिवसांत निकामी होऊ शकतं. अशा रुग्णाचं ‘दारूचं लिव्हर’ म्हणून निदान झालं की पुढे कुणी तपासत नाही.

आणि औषध नाही म्हणून तपासणी नको, हे मला मुळातच पटत नाही. तपासणी त्या एका रुग्णापुरती नसते. तो जे पाणी पितो तेच पाणी पिणारी आणखी माणसं असतात.

भाची घरी आल्यावर मी तिच्या इमारतीतली दारं वाजवली. 24 फ्लॅट आहेत. पहिल्या मजल्यावरच्या काकांना महिन्यापूर्वी कावीळ होऊन गेली होती. तिसऱ्या मजल्यावर दोन विद्यार्थ्यांना झाली, त्यातला एक गावी बीडला निघून गेला. भाची धरून चार माणसं आणि चार वेगळे दवाखाने. ही चार नावं एका कागदावर आली ती पहिल्यांदा माझ्या वहीत. खाली पाण्याच्या टाकीचं झाकण आणि ड्रेनेजचं चेंबर यांत दोन हातांचं अंतर. मी ओटीची बाटली नेली होती. पाण्यात क्लोरीन असेल तर थेंब टाकल्यावर ते पिवळं होतं. नळाचं पाणी नितळच राहिलं. नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे, असं आपलंच मानक सांगतं.

डेंग्यूचा एक रुग्ण निघाला तर पालिकेचा माणूस घरी येतो, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रीजमागचा ट्रे बघतो, सोसायटीला नोटीस देतो. काविळीच्या चार रुग्णांसाठी त्या इमारतीत कुणीही आलं नव्हतं.

यात वेळ फार महत्त्वाची आहे. दूषित पाणी पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. ज्या दिवशी डोळे पिवळे होतात, त्या दिवशीच आपण महिनाभर मागे असतो. पाणी दिवसातून काही तास येतं. ते बंद असताना पाइपातला दाब जातो आणि फुटक्या जोडातून शेजारचं सांडपाणी आत ओढलं जातं. पुन्हा पाणी सुटलं की सगळं धुऊन जातं. नंतर नमुना घेतला तर त्यात काही सापडेलच असं नाही. कुठल्या भागातले रुग्ण वाढतायत, हाच मग खरा पुरावा उरतो आणि तो रुग्णालयाच्या केस पेपरवर असतो.

आपल्या देशात मोठ्या माणसांच्या तीव्र विषाणूजन्य काविळीत ‘ई’चा वाटा बहुतेकदा सर्वांत मोठा असतो, हे अनेक शहरांतल्या रुग्णालयांनी दाखवलंय. पण एका ठिकाणचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. कुठे फक्त दाखल झालेले रुग्ण तपासलेत, कुठे फक्त गरोदर बायका, कुठे साथीच्या काळातले. ज्यांना संसर्ग होऊनही डोळे पिवळे होत नाहीत, ते तर रुग्णालयापर्यंत येतच नाहीत. म्हणून ‘आमच्याकडे ई फारसा नाही’ असं एखाद्या रुग्णालयाने म्हटलं, तर मी आधी विचारेन की तपासले किती?

पुण्याला हे सांगावं लागावं याचं मला फार वाईट वाटतं. 1955-56 मध्ये दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने पंचवीसेक वर्षांनी तपासले, तेव्हा ती हिपॅटायटिस ‘ए’ही नव्हती आणि ‘बी’ही नव्हती; पुढे तिलाच ‘ई’ म्हटलं गेलं. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे, आपल्या एनआयव्हीचे शास्त्रज्ञ होते. पुढे याच संस्थेने 1982 आणि 1992 मधले पुणेकरांचे रक्तनमुने तपासून, ‘ए’ लहानपणीच गाठतो आणि ‘ई’ची प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण, तरुण वयात वाढतात, हे दाखवलं. म्हणजे ज्या वयात लोक कमावतात, ज्या वयात बायका बाळंत होतात, नेमकं तेच वय. ससूनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर ही संस्था आहे.

इचलकरंजीत 2012 साली ‘ई’ काविळीची साथ आली, ते आपल्या खात्याला माहीत आहे. पुण्यात 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा घरोघरी सर्वेक्षण झालं, शौचाचे आणि पाण्याचे नमुने तपासले गेले, विहिरीच्या पाण्यावर चर्चा झाली. मनात आणलं तर हे शहर काही दिवसांत एवढं करू शकतं.

माझी मागणी मोठी नाही. पुण्यात काविळीने दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाची, रुग्णालय सरकारी असो वा खासगी, ‘ई’ची आयजीएम तपासणी, म्हणजे संसर्ग ताजा आहे का हे सांगणारी रक्ततपासणी, मोफत व्हावी. खासगीत तिला हजाराच्या पुढे पैसे मोजावे लागतात, मग रोजंदारीवरचा माणूस ती सोडूनच देतो. नमुने शहरातल्या एक-दोन ठिकाणी रोज एकत्र आणले तर बॅच साठायची वाट बघावी लागणार नाही, प्लेट रोज लागेल. गरोदर बाईचा नमुना एकटा असला तरी त्याच दिवशी लावा, चार खाचा वाया गेल्या तर जाऊ द्या.

दुसरं, पत्त्याचं. ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, औंधचं जिल्हा रुग्णालय आपल्याकडे, नायडू आणि कमला नेहरू महापालिकेकडे. रुग्णाला यातलं काही ठाऊक नसतं. पॉझिटिव्ह रिपोर्ट आला की पत्ता 24 तासांत पालिकेच्या आरोग्य आणि पाणीपुरवठा या दोन्ही विभागांकडे गेला पाहिजे, आणि कुणीतरी ओटीची बाटली घेऊन त्या नळाशी गेलं पाहिजे. साथरोग सर्वेक्षणात काविळीचा रकाना आहे. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ‘ई’ही आहे. नवं काही उभारायला नको, आहे ते जोडायचंय.

आषाढी वारीच्या दिवसांत पालख्या पुण्यात मुक्कामी येतात, तेव्हा आपलं खातं वाटेवरच्या विहिरी आणि टँकर तपासतं, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतं, ओटी लावून बघतं. मी स्वतः त्या कामात दोन वर्षं मदतीला गेले आहे. लाखो वारकऱ्यांसाठी ते मनापासून होतं. पुढच्या वर्षी पालख्या येण्याआधी रुग्णालयांतली ही तपासणीही सुरू व्हावी. नमुने गोळा करायला आणि प्लेट लावायला माणसं कमी पडली, तर ड्युटी संपल्यावर मी येईन. माझ्याबरोबरच्या तिघीजणींनीही होकार दिलाय.

आपली नम्र,
एक लॅब टेक्निशियन
धनकवडी, पुणे