फोन अडतो तो अपलोडपाशी

महोदय,

कार्यालयात इंटरनेटवरचे फोन बसवताना ‘एका कॉलला 64 केबीपीएस’ (सेकंदाला 64 हजार बिट) असा हिशेब सर्रास सांगितला जातो. तो अपुरा आहे. जी.711 या कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या पद्धतीत, 64 केबीपीएस हा नुसता आवाज. दर 20 मिलिसेकंदांनी 160 बाइटचे एक पॅकेट निघते. त्यावर पॅकेट पोचवण्यासाठी लागणाऱ्या वेष्टनांचे, म्हणजे आरटीपी, यूडीपी व आयपीचे 40 आणि इथरनेटचे 18 बाइट चढतात. सेकंदाला अशी 50 पॅकेट, एका बाइटचे 8 बिट, म्हणजे 87.2 केबीपीएस, तेही जाताना वेगळे आणि येताना वेगळे. जी.729 या आवाज अधिक दाबणाऱ्या कोडेकमध्ये आवाज जेमतेम 8 केबीपीएस, पण लाइनवर 31.2 लागतात, पत्रापेक्षा पाकीटच जड!

मोजायचे ते एका वेळी चालणारे कॉल, टेबलांवरचे फोन नव्हेत. असे दहा कॉल जी.711 वर म्हणजे साधारण 0.9 एमबीपीएस. 100 एमबीपीएसच्या जोडणीत हे किरकोळच. तरी आवाज तुटतो, कारण कोणीतरी मोठी फाइल चढवत असते, अपलोड भरतो आणि राउटरच्या रांगेत आवाजाची पॅकेट तिष्ठत राहतात. जादा एमबीपीएस विकत घेण्याआधी राउटरमध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या 90 टक्क्यांवर बांधावी आणि आवाजाला (पॅकेटवरची अग्रक्रमाची खूण: डीएससीपी 46) अग्रक्रम द्यावा. पैसे नंतरही खर्च करता येतात.

– एक नेटवर्क अभियंता, पुणे